वेल, बेल आणि क्लायमर

इंदूर किंवा जबलपूर येथील हिंदी शाळेतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलासमोर ‘क्लायमर’ हा इंग्रजी शब्द प्रथम येतो, तेव्हा पहिला अडथळा अर्थाचा नसून उच्चाराचा असतो. अक्षरांवर विश्वास ठेवून ते मूल ‘क्लिंबर’ असे वाचते. त्यात त्याचा दोष नाही. लिहिले तसे वाचावे, हीच शिस्त देवनागरीने त्याला लावलेली असते. अंगठ्याच्या ‘थम’मध्ये आणि कोकराच्या ‘लॅम’मध्ये जसा ‘ब’ लिहावयाचा पण बोलावयाचा नाही, तसाच तो येथेही मुका आहे, एवढे सांगितले की हे प्रकरण मिटते.

अर्थाचे प्रकरण इतके सहज मिटत नाही. ‘क्लायमर म्हणजे बेल’ असे फळ्यावर लिहून शिक्षक मोकळे होतात. शिक्षक मराठी घरातले असले, तर येथेच एक गंमत घडते. हिंदीत लौकीची ती ‘बेल’ स्त्रीलिंगी आणि शंकराला ज्याची पाने वाहतात तो ‘बेल’ पुल्लिंगी. मराठीत वेल वेगळा, बेल वेगळा, आणि वेल पुल्लिंगीही चालतो. त्या सवयीने गुरुजी ‘लौकी का बेल’ म्हणून जातात आणि वर्ग गालात हसतो.

परंतु खरी अडचण अशी की हिंदीतली बेल चढणारीही असते आणि जमिनीवर पसरणारीही. इंग्रजीत चढतो तो क्लायमर, सरपटतो तो क्रीपर. हिंदी पाठ्यपुस्तकांनी यांसाठी ‘आरोही’ आणि ‘विसर्पी’ हे शब्द योजले. ते शुद्ध आहेत, पण मुलाला इंग्रजीहूनही परके वाटतात. पुस्तकात कद्दू विसर्पी म्हणून दिलेला असतो. ज्याच्या घराच्या छपरावर कद्दू चढून बसला आहे, ते मूल डोळ्यांनी पाहिलेले लिहिते आणि गुण गमावते. अशा वेळी मुलाने पुस्तकावर विश्वास ठेवावा की छपरावर? इंग्रजांनी तरी हा भेद कोठे पाळला? कमानीवर चढणाऱ्या मधुमालतीला ते ‘रंगून क्रीपर’च म्हणतात.

म्हणून व्याख्या पाठ करविण्यापेक्षा ‘चढणे’ हे क्रियापद हाती धरणे बरे. चढतो तो क्लायमर. मग कसा चढतो, हे मुलांनीच शोधावे. चार्ल्स डार्विनने १८६५ साली लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात याच प्रश्नावर दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्याने पाहिलेल्या बहुतेक तऱ्हा शाळेच्या कुंपणाजवळही सापडतात. अपराजिता, म्हणजे मराठीतली गोकर्ण, आपल्या खोडानेच आधाराला विळखे घालते. पानवेल पेरांवरच्या मुळ्यांनी चिकटते. बोगनवेल काट्यांनी अडकून वर सरकते. लौकी आणि मटर यांना तणावे असतात.

या तणाव्यापाशी मात्र वर्गाने थोडा वेळ थांबावे. त्याचे टोक काडीला टेकले की स्पर्श झालेल्या बाजूची वाढ मंदावते, बाहेरची बाजू अधिक वाढते आणि टोक काडीभोवती वळते. पुढे मधला भाग पिळा घेऊन स्प्रिंगसारखा होतो आणि वेलीला आधाराकडे ओढतो. वाऱ्याचा झोत आला तरी तो ताणला जातो, सहसा तुटत नाही. दोन्ही टोके बांधलेली असल्याने सगळे पीळ एकाच दिशेने पडणे शक्य नसते. अर्धे एका बाजूस फिरतात, अर्धे उलट बाजूस, आणि मध्ये एक लहानसा सरळ तुकडा राहतो. लौकीच्या मांडवाखाली उभ्या राहिलेल्या मुलाला तो तुकडा बोटाने दाखविता येतो.