लहान मोटारींतला तंबोरा

संगीताविषयीं भाषण म्हटलें म्हणजे राग, ताल आणि घराणीं यांची चर्चा ऐकावयास मिळेल अशी आपली अपेक्षा असणार. ती पुरी करण्याचा अधिकार मला नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत अंकगणित आणि भूमिति शिकविली, आणि पेटी वाजवितों तीहि ऐकून ऐकूनच उचललेली. तेव्हां आज मी गाणें सुरू होण्यापूर्वींच्या एका अडचणीविषयीं बोलणार आहें. गवयाच्या आधीं त्याचीं वाद्यें मांडवांत पोंचावीं लागतात. आणि तीं एका लहान मोटारींतून न्यावयाचीं असलीं म्हणजे काय काय घडतें, तें थोडें सांगतों.

आमचा संच चौघांचा. गाणाऱ्या ताई, तबल्याला अण्णा, पेटीला मी, आणि तंबोऱ्यामागें ताईंचा एक सतरा वर्षांचा विद्यार्थी. सांगली जिल्ह्यांतल्या लहानमोठ्या गांवीं उत्सवानिमित्त अभंग व नाट्यपदें यांचा कार्यक्रम करावयाचा, नारळ आणि जें काय पाकीट मिळेल तें घ्यावयाचें, व रात्रीं घरीं परतावयाचें, हा आमचा व्यवहार. पूर्वीं आम्ही भाड्याची जीप करीत असूं. पण भाडें वाढलें आणि पाकीट होतें तेवढेंच राहिलें. म्हणून सेवानिवृत्तीनंतर मीं एक जुनी आल्टो ८०० गाडी विकत घेतली. या गाडीचें उत्पादन २०२३ सालीं थांबलें. परंतु आमच्या भागांतल्या रस्त्यांवर ती अजून मुंग्यांसारखी दिसते. लांबी साडेतीन मीटरांच्या आंत, आणि मागचा सामानाचा कप्पा १७७ लिटरांचा.

या १७७ लिटरांनीं मला प्रथम फसविलें. माझी पेटी खोक्यासकट २५ इंच लांब, १४ इंच रुंद आणि ११ इंच उंच आहे. गुणाकार केला तर ३,८५० घन इंच, म्हणजे सुमारें ६३ लिटर. अर्थात् त्या कप्प्यांत पावणेतीन पेट्या मावावयास पाहिजेत! प्रत्यक्षांत एक पेटी आडवी बसते, तिच्या एका बाजूस डग्गा, दुसऱ्या बाजूस तबला, आणि फटींतून चुंबळी, हातोडी व टाळांची पिशवी. झालें, दार लागावयाचें तर एवढेंच. कप्प्याच्या भिंती तिरप्या असतात, चाकांचे फुगवटे आंत येतात, आणि वाद्य म्हणजे कांहीं पाणी नव्हे. जन्मभर मुलांना घनफळाचीं उदाहरणें घातलीं, पण ही गोष्ट एकदांहि सांगितली नाहीं, याचें आतां वाईट वाटतें.

पेटी, तबला आणि डग्गा यांची सोय मात्र अशी लागली. खरा प्रश्न तंबोऱ्याचा.

हा तंबोरा ताईंच्या गुरूंचा. मिरजेस बनविलेला. मिरजेच्या सतार व तंबोरा यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें तेव्हां वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून आलें. त्यामुळें पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांची व तेथील कारागिरांची कीर्ति आपल्या कानीं आलीच असेल. मोठा भोपळा वाळवून, कोरून, त्यावर तुणीच्या लांकडाची तबली आणि दांडी बसवितात. दिसावयास तें सारें एकजीव व भक्कम दिसतें. परंतु भोपळा तो भोपळाच. वरून हात फिरवा, कांहीं होत नाहीं; बाजूनें एक नेमका धक्का बसला कीं संपलें.

आमचा तंबोरा ४ फूट ११ इंच लांब आहे, आणि त्याच्या भोपळ्याची रुंदी १७ इंच. गाडीची मागची बैठक ४८ इंच रुंद. म्हणजे तंबोरा तेथें आडवा मावत नाहीं. पहिल्या खेपेस मीं मागच्या बैठकीची पाठ पुढें पाडली, तंबोरा गवसणींत घालून तिरपा निजविला, आणि जागा मोकळी दिसली म्हणून पेटीहि त्याच्याशेजारीं ठेवली. अण्णा म्हणाले, "मास्तर, पेटी बांधा हो." मी म्हटलें, "अहो, बारा किलोंची पेटी जागची हलते कशाला?" तासगांवच्या पलीकडे एका गांवाबाहेर रस्त्यावर उंचवटा होता. तो मला दिसला नाहीं. गाडी उडाली, पेटी सरकली, आणि मागून जो आवाज आला तो मी येथें वर्णन करणार नाहीं.

गवसणी काढली तेव्हां भोपळ्यावर वीतभर लांबीची चीर होती. ताई कांहींच बोलल्या नाहींत. त्या दिवशीं त्या पेटीच्या सुरावरच गाइल्या.

मिरजेच्या कारागिरानें चीर आंतून पट्टी लावून सांधली व वरून असें रोगण केलें कीं जागा शोधूनहि सांपडूं नये. जवारीहि नवी काढून दिली. सूर पूर्वीसारखाच लागतो असें मला वाटतें. ताईंना काय वाटतें, तें मीं अद्याप विचारलेलें नाहीं.

त्यानंतर मीं शाळामास्तराचाच उपाय केला. पुठ्ठ्याचे तुकडे कापून प्रत्येक वाद्याची आकृति प्रमाणांत तयार केली, गाडीचा आराखडा कागदावर काढला, आणि दोन संध्याकाळ त्या आकृति सरकवीत बसलों. घरांतल्या मंडळींनीं वेड लागलें असें ठरविलें. पण त्यांतून जी मांडणी निघाली ती आजतागायत चालूं आहे, म्हणून सांगतों. पुढची डावी बैठक अगदीं पुढें सारावयाची आणि तिची पाठ पूर्ण मागें पाडावयाची. म्हणजे ती मागच्या बैठकीशीं जवळजवळ सलग होते. त्यावर गोधडी अंथरून तंबोरा तबली वर करून निजवावयाचा. भोपळा मागच्या बैठकीवर, खुंट्या पुढें. भोपळ्याभोंवतीं दुसऱ्या गोधडीचें कडें करावयाचें. दांडी सुती दोरीनें दोन ठिकाणीं बैठकीस बांधावयाची. भोपळ्यावरून दोरी कधींहि घेऊं नये. निघण्यापूर्वीं तारा अर्धा-पाऊण सूर उतरवून ठेवाव्या. आणि जड वस्तु, विशेषतः पेटी, तंबोऱ्याच्या मागें मोकळी राहूं देऊं नये. खुंट्या मागें व भोपळा पुढें असेंहि मीं करून पाहिलें. पण मग भोपळा पायांच्या जागेंत अडकतो आणि काढतांना घांसतो.

उन्हाळ्यांत आणखी एक दक्षता. बंद गाडी उन्हांत उभी राहिली कीं आंत भट्टी होते. तबल्याची पुडी आवळत जाते, सूर चढतो, आणि आधींच ओढून लावलेली पुडी फुटूं शकते; अण्णांची एक अशीच गेली. पेटीच्या भात्याचीं चिकटविलेलीं चामडींहि सुटतात. म्हणून गांवीं पोंचल्यावर यजमान चहाला बोलावूं लागले तरी आधीं वाद्यें सावलींत न्यावीं, मग चहा. यजमानांना त्याचा राग येत नाहीं.

आतां आपल्या ध्यानांत आलें असेल कीं या मांडणींत माणसें किती बसतात. एक मोटार हांकणारा, आणि एक त्याच्या मागें. चौघांपैकीं दोघे बाहेर.

मोटार मी हांकीत होतों आणि ताईंनीं वेळेवर पोंचणें अवश्य. म्हणून अण्णा व विद्यार्थी एस्टीनें येऊं लागले. अण्णांचें वय बहात्तर. गुडघे दुखतात. पण ते कधीं बोलले नाहींत, आणि माणूस बोलत नाहीं म्हणजे त्याला त्रास होत नाहीं असें समजावयाची मला संवय होती, वर्गांतहि होती. दत्तजयंतीच्या दिवशीं एस्टी वाटेंत बंद पडली. कार्यक्रमाची वेळ टळून पाऊण तास झाला तेव्हां अण्णा आले ते थेट बैठकीवर. थंडीनें बोटें आंखडलेलीं. हातोडी घेऊन तबला लावूं लागले, तर हात नीट पडेना. वाजविलें त्यांनीं, परंतु रात्रीं अकरानंतर परतीची एस्टी नव्हती. ताई, मी आणि तंबोरा गाडींतून घरीं आलों. अण्णा आणि तो मुलगा देवळाच्या ओसरीवर निजले.

दोन दिवसांनीं अण्णांचा फोन आला. म्हणाले, "मास्तर, माझ्या जागीं कोणी तरुण तबलजी पाहा. तंबोरा मात्र घरीं ठेवूं नका." तीच गोष्ट ताईंना सांगितली तर त्या म्हणाल्या, "गुरुजी, तंबोरा घरींच राहूं द्या. यंत्र घेऊं. अण्णा नसतील तर मला गावयाचें नाहीं."

यंत्रानें प्रश्न सुटतो, यांत शंका नाहीं. विजेवर चालणारा तंबोरा डब्याएवढा असतो, आणि हल्लीं तर फोनमध्येंहि तंबोरा आहे. आम्ही एक कार्यक्रम तसा केला. पुढची बैठक सरळ झाली, चौघेहि गाडींत बसलों, आणि मध्यरात्रीपूर्वीं सर्वजण आपापल्या अंथरुणावर होतों. श्रोत्यांपैकीं कोणीं तंबोऱ्याची चौकशी केली नाहीं. खरें सांगावयाचें तर पहिला पाव तास मलाहि चुकल्यासारखें वाटलें नाहीं. यंत्राला नांवें ठेवणारांत मी नाहीं. ज्या पेटीवर माझा जीव, तिला आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर ठेवलें होतें. तेव्हां आज या ध्वनिक्षेपकासमोर बसून मीं दुसऱ्या एखाद्या वाद्याला बाहेर काढावें, हें शोभणार नाहीं.

परंतु त्या दिवशीं तो मुलगा समोर सतरंजीवर बसला होता. मांडीवर हात ठेवून. मधून मधून त्याचीं बोटें तारा छेडल्यासारखीं हलत. तंबोरा लावावयास त्याला दीड वर्ष लागलें होतें. खर्जाची तार लागली कीं नाहीं हें त्याला आतां कोठें ऐकूं येऊं लागलें होतें. यंत्राच्या हिशेबांत आम्ही त्याला धरलेंच नव्हतें.

मीं पुन्हां पुठ्ठ्याचे तुकडे काढले. सगळीं वाद्यें सरकवून पाहिलीं, आणि मग लक्षांत आलें कीं एक आकृति आपण आरंभापासून एकाच जागीं ठेवली आहे, ती कधीं उचललीच नाहीं. ती म्हणजे मोटार हांकणाऱ्या मास्तरची. माझे गुडघे ठीक आहेत. एस्टींत ज्येष्ठांना अर्धें तिकीट पडतें. गाडी माझी आहे, एवढेंच काय तें माझें कारण होतें.

ताईंना मोटार हांकतां येत नव्हती. बावन्नाव्या वर्षीं त्या शिकावयास लागल्या. चार महिने लागले. पैकीं एक महिना मीं शिकविलें, आणि त्या महिन्यांत आमचें दोनदां भांडण झालें. मग त्यांनीं दुसरा शिक्षक पाहिला. आतां ताई गाडी हांकतात, त्यांच्या मागें अण्णा बसतात, आणि अण्णांच्या डाव्या हाताशीं भोपळा असतो. वळण आलें कीं ते त्यावर हात ठेवतात, असें ताई सांगतात.

मी आणि तो मुलगा एस्टीनें जातों. तीन तास आधीं निघतों, कारण दत्तजयंती विसरलेलों नाहीं. कार्यक्रम लवकर आटोपला तर शेवटची गाडी मिळते. नाहीं तर देवळाची ओसरी आहेच. गेल्या कार्तिकांत असेच राहिलों. पहांटे साडेपांचला एस्टीच्या थांब्यावर कोणी नव्हतें. दूध घालणारा एक सायकलवाला तेवढा गेला. मुलगा म्हणाला, "गुरुजी, काल मध्यंतरानंतर खर्ज किंचित् उतरला होता. आपल्या ध्यानांत आलें?" माझ्या ध्यानांत आलें नव्हतें, तसें मीं सांगितलें. "ताईंच्या आलें," तो म्हणाला. "त्यांनीं मागें पाहिलें, तेव्हां मीं मणी सरकविला." मग तो खर्ज गुणगुणूं लागला, आणि गाडी येईपर्यंत आम्ही दोघे तो स्वर धरून बसलों.