प्रश्नचिन्हाच्या पुढचा मजकूर
(वार्षिक समारंभातील व्याख्यान)



संगणकावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा एखादा भव्य विषय निवडावा असा मोह होणे साहजिक होते. परंतु भव्य विषयांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज एका अगदी लहान वस्तूविषयी बोलणार आहे. आपण मोबाइलवर निकाल पाहता, शिष्यवृत्तीचा अर्ज कोठवर आला ते पाहता, रेल्वेची चौकशी करता, तेव्हा पडद्याच्या वरच्या पट्टीत एक लांबलचक पत्ता दिसतो. त्या पत्त्यात कोठेतरी एक प्रश्नचिन्ह असते आणि त्यापुढे काही अक्षरे व आकडे असतात. बहुतेक लोक तिकडे पाहत नाहीत. परंतु त्या मजकुराच्या वाचनावर आपल्या मुलामुलींची खाजगी माहिती सुरक्षित राहणार की चव्हाट्यावर येणार, हे पुष्कळदा अवलंबून असते. म्हणून हा विषय.

प्रथम त्या पत्त्याची फोड करू. समजा, एका शाळेच्या संकेतस्थळाचा पत्ता ‘निकाल.पीएचपी?वर्ष=२०२५&क्रमांक=०४१७’ असा संपतो. येथे मी तो छपाईसाठी देवनागरीत लिहिला आहे. प्रत्यक्षात तो बहुधा इंग्रजी अक्षरांत व अंकांत असतो. प्रश्नचिन्हाच्या आधीचा भाग सांगतो की कोणत्या खिडकीवर जायचे. प्रश्नचिन्हाच्या नंतरचा भाग सांगतो की त्या खिडकीवर काय मागायचे. त्याला ‘क्वेरी’ म्हणतात. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे नाव आणि उजवीकडे किंमत, अशी एक जोडी; आणि दोन जोड्यांच्या मध्ये ‘&’ हे चिन्ह. या जोड्यांना पॅरामीटर म्हणतात. पत्त्याच्या शेवटी कधी कधी ‘#’ चिन्ह आणि त्यापुढे काही मजकूर असतो. तो ब्राउझर स्वतःजवळच ठेवतो, सर्व्हरकडे पाठवत नाही. पत्त्याचे हे व्याकरण २००५ सालच्या आरएफसी ३९८६ या दस्तऐवजात नोंदलेले आहे.

सरकारी कचेरीत अर्ज दिला की तो आधी आवक-बारनिशीत चढतो आणि मग संबंधित कारकुनाकडे जातो. वेबच्या जगातही तसेच आहे. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात सीजीआय नावाची पद्धत ठरली. सर्व्हरने प्रश्नचिन्हापुढचा सगळा मजकूर जसाच्या तसा ‘क्वेरी स्ट्रिंग’ नावाच्या एका जागेत ठेवायचा आणि मग स्क्रिप्ट, म्हणजे उत्तर तयार करणारा छोटा प्रोग्राम, चालू करायचा. स्क्रिप्टने त्या जागेतून मजकूर उचलून ‘&’ पाशी तोडायचा, बरोबरच्या चिन्हापाशी तोडायचा आणि अर्थ लावायचा. प्रत्येक जण ही तोडफोड आपापल्या हाताने करी. १९९५ साली रास्मुस लर्डॉर्फ यांनी पीएचपी लोकांपुढे ठेवली आणि हे काम पुष्कळ सोपे झाले.

परंतु सोपेपणाची किंमतही मोजावी लागली. त्या काळच्या पीएचपीत ‘रजिस्टर ग्लोबल्स’ नावाची सोय होती. पत्त्यात जे नाव येईल, त्या नावाचा चल स्क्रिप्टमध्ये आपोआप तयार होई. ऐकायला छान वाटते. पण विचार करा: स्क्रिप्टमध्ये ‘मान्य’ नावाचा चल आहे, आणि पासवर्ड बरोबर असेल तरच त्याची किंमत एक होते. लिहिणाऱ्याने त्याला सुरुवातीला शून्य दिले नसेल, तर कोणीही पत्त्याच्या शेवटी ‘मान्य=१’ असे जोडून पासवर्डाशिवाय आत शिरू शके. पुढे डिसेंबर २००१ मधील ४.१.० आवृत्तीत पत्त्यातील किमतींसाठी ‘गेट’ नावाची स्वतंत्र पेटी आली. २००२ सालच्या ४.२.० आवृत्तीत ती जुनी सोय मुळातून बंद स्थितीत ठेवण्यात आली, आणि २०१२ सालच्या ५.४ आवृत्तीत ती कायमची काढून टाकली गेली. बाहेरून आलेला माल वेगळ्या पेटीत ठेवावा आणि पेटीवर ‘बाहेरून आलेला’ अशी चिठ्ठी असावी, हा धडा शिकायला त्या भाषेला इतकी वर्षे लागली.

आता विद्यार्थी मित्रांसाठी वाचनाचे नियम सांगतो. भाषा पीएचपी असो, पायथन असो वा जावास्क्रिप्ट, नियम तेच.

पहिला नियम: आधी तोडा, मग उलगडा. पत्त्यात काही चिन्हे सरळ लिहिता येत नाहीत; ती टक्क्याचे चिन्ह व दोन अंक-अक्षरे अशा रूपात येतात. रिकामी जागा ‘%२०’ होते, किंवा फॉर्ममधून आली तर अधिक-चिन्ह होते. एखाद्या दुकानाचे नाव ‘खान & सन्स’ असेल, तर त्यातले ‘&’ हे ‘%२६’ होऊन यावयास हवे. स्क्रिप्टने सगळा मजकूर आधी उलगडला आणि मग तोडला, तर ‘खान’ एकीकडे आणि ‘सन्स’ दुसरीकडे जाईल. तयार साधने हा क्रम बरोबर पाळतात. तेव्हा हातोडी घेऊन स्वतः तोडत बसू नये. आणि साधनाने एकदा उलगडलेले पुन्हा उलगडू नये.

आपल्या भाषांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावे. १९९२ साली केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षर-चिन्हाला तीन बाइट लागतात, उर्दूच्या अक्षराला दोन. पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. ‘बाब’ हा शब्द घ्या. मराठीत ‘बाब’ म्हणजे मुद्दा, उर्दूत ‘बाब’ म्हणजे दरवाजा किंवा ग्रंथातले प्रकरण. दोन्ही लिप्यांत तीनच चिन्हे. परंतु पत्त्यात उर्दू ‘बाब’ १८ चिन्हांचा होतो आणि मराठी ‘बाब’ २७ चिन्हांचा. ज्याने अर्जदाराच्या नावासाठी मोजून तीस-चाळीस चिन्हांची जागा ठेवली आणि लांबी उलगडण्याआधी मोजली, त्याच्या यंत्रात आपली पूर्ण नावे मावणार नाहीत. लांबी मोजावयाची ती उलगडल्यानंतर.

दुसरा नियम: पत्त्यातून येणारी प्रत्येक गोष्ट अक्षरांची माळ असते, संख्या नसते. ‘०४१७’ हा बैठक क्रमांक संख्या म्हणून घेतला की पुढचे शून्य गळते आणि ४१७ उरते. क्रमांक हे नाव आहे, त्याची बेरीज करावयाची नाही. म्हणून तो अक्षरे म्हणूनच ठेवावा. शिवाय मराठी कळफलकावरून कोणी ‘१०’ हे देवनागरी अंकांत टाकले तर काय होते पाहा. पायथन त्याला दहा समजते. जावास्क्रिप्ट म्हणते, ही संख्याच नव्हे. आणि पीएचपीत त्याचे पूर्णांकात रूपांतर केले तर मुकाट्याने शून्य हाती येते. तिघांत हा शेवटचा प्रकार अधिक घातक, कारण चूक झाल्याचे कोणाला कळतच नाही.

तिसरा नियम: नसणे, रिकामे असणे आणि शून्य असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत शून्य गुण मिळवणारा आणि गैरहजर राहणारा यांना कोणताही शिक्षक एकाच रकान्यात टाकणार नाही. पण पीएचपीतील ‘एम्प्टी’ ही तपासणी ‘०’ लाही रिकामे समजते. तेव्हा पॅरामीटर आला आहे काय, हे आधी विचारावे. त्यात काय आहे, हे नंतर.

चौथा नियम: एकच नाव दोनदा येऊ शकते. ‘क्रमांक=५&क्रमांक=९’ असा पत्ता आला तर पीएचपी शेवटचा ९ घेते; जावास्क्रिप्टमधील ‘यूआरएलसर्चपॅराम्स’ला एकच किंमत मागितली तर ते पहिला ५ देते. तपासणी एका प्रोग्रामने केली आणि वापर दुसऱ्याने केला, तर तपासलेला आणि वापरलेला क्रमांक निराळा निघेल.

हे झाले वाचनाचे. आता विश्वासाचे बोलू, कारण खरा प्रश्न तेथेच आहे.

पत्त्याची पट्टी ही पाहुण्याच्या हातात असते, घरमालकाच्या नव्हे. तेथे काय लिहावयाचे हे पाहणारा ठरवतो. म्हणून तेथून आलेला मजकूर थेट डेटाबेसच्या हुकुमात चिकटवणे हा मोठा धोका आहे. आपल्या वसई-गोव्याकडे डिसोझा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना ‘डी’ नंतर एक वरचा स्वल्पविराम येतो. डेटाबेसच्या भाषेत त्याच चिन्हाने मजकूर संपतो. म्हणजे एका सज्जन माणसाच्या आडनावानेही हुकूम मध्येच तुटतो. मग मुद्दाम तोडणाऱ्याला किती वाव असेल? तो पुढे स्वतःचा हुकूम जोडू शकतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात, आणि १९९८ पासून त्याची जाहीर चर्चा चालू आहे. उपाय सोपा आहे. हुकुमाचा साचा आधी डेटाबेसला द्यावा आणि किंमत मागाहून वेगळी द्यावी. त्याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात. त्याचप्रमाणे पत्त्यातून आलेला मजकूर पानावर परत छापावयाचा असेल, तर त्यातील कंस व अवतरण-चिन्हे निरुपद्रवी करून मगच छापावीत. नाहीतर दुसऱ्याने पाठवलेल्या दुव्यातील प्रोग्राम आपल्या पानावर चालू लागतो.

परंतु याहून साधी आणि म्हणूनच अधिक दुर्लक्षित चूक निराळी आहे. क्रमांक ०४१७ चा निकाल दिसला. उद्या कोणी ०४१८ लिहिले तर? २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेत फर्स्ट अमेरिकन या घरव्यवहारांच्या विमा कंपनीबाबत हेच उघडकीस आले. दुव्यातील कागदाचा क्रमांक बदलला की दुसऱ्याचे कागद उघडत. सुमारे ८८ कोटी ५० लाख कागद असे उघडे होते आणि त्यांतले काही २००३ सालापासूनचे होते. त्यांत बँकेचे खाते क्रमांक होते, ओळखपत्रे होती. कुलूप फोडावे लागले नाही. फक्त एक आकडा बदलावा लागे. यंत्राने ‘हा कागद आहे काय’ एवढेच विचारले. ‘हा कागद मागणाऱ्याचा त्यावर हक्क आहे काय’ हे विचारले नाही.

आणखी दोन गोष्टी. पासवर्ड, आधार क्रमांक किंवा बँकेचे खाते पत्त्यात कधीही ठेवू नये. पत्ता ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या नोंदवहीत राहतो, आणि सायबर कॅफेतल्या पुढच्या गिऱ्हाईकालाही दिसू शकतो. दुसरे, पत्ता नुसता उघडल्याने काही पुसले जाऊ नये, काही मंजूर होऊ नये. २००५ साली गूगलचे वेब अ‍ॅक्सेलरेटर नावाचे साधन पानावरील दुवे आधीच उघडून ठेवी. काही संकेतस्थळांवर ‘काढून टाका’ हा साधा दुवा होता, आणि त्या साधनाने तो इमानेइतबारे उघडून लोकांचा मजकूर पुसला. पाहण्यासाठी गेट आणि बदलण्यासाठी पोस्ट, हा जुना नियम असा व्यवहारात उतरतो.

बंधूंनो, आपल्यापैकी कित्येक संस्था आता प्रवेश, फी, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांची कामे संकेतस्थळावर करतात. जनरल रजिस्टर आपण कपाटात कुलूप लावून ठेवतो, आणि त्यातलीच माहिती — मुलीचे नाव, घरचा पत्ता, पालकांचे उत्पन्न, खाते क्रमांक — संकेतस्थळावर मात्र कोणाच्या तरी भरवशावर सोडतो. ज्या पालकाने मोठ्या धीराने मुलीला पुढे शिकवायचे ठरवले, त्याच्या घरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक एक आकडा बदलून कोणाही टवाळखोराच्या हाती पडला, तर त्या मुलीचे शिक्षण थांबू शकते. गेलेला विश्वास कोणत्याही परिपत्रकाने परत येत नाही.

म्हणून संस्थाचालकांना माझी विनंती आहे की, संकेतस्थळ करून देणाऱ्याला रंग आणि चित्रे यांबरोबर तीन प्रश्न अवश्य विचारावेत. दुव्यातला आकडा बदलला तर दुसऱ्याची माहिती दिसते काय? नावात अवतरण-चिन्ह टाकले तर पान कोलमडते काय? मराठीत आणि उर्दूत लिहिलेले पूर्ण नाव जसेच्या तसे परत दिसते काय? ही परीक्षा घ्यायला संगणक-तज्ज्ञ लागत नाही. तुमच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, तुमच्याच परवानगीने, दहावीची विद्यार्थिनीही ती दहा मिनिटांत घेऊ शकेल. आणि विद्यार्थ्यांनो, ही परीक्षा दुसऱ्याच्या दारावर घेऊ नका. दार उघडे दिसले म्हणून आत शिरावयाचे नसते. मालकाला जाऊन सांगावयाचे असते.

उद्या तुमच्यातलेच कोणी ही स्क्रिप्ट लिहिणार आहेत. प्रश्नचिन्हापुढे आलेली प्रत्येक जोडी कोणाच्या तरी बोटांनी लिहिलेली आहे आणि कोणाच्या तरी माहितीचे दार उघडणार आहे, एवढे ध्यानात ठेवून ती लिहा.