वर्गाने घडविलेला श्राव्य पाठ



शिक्षणासाठी यंत्राचे साहाय्य घेणे मध्यप्रदेशाला नवीन नाही. 1975-76 साली सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला, त्यात हे राज्यही होते. पुण्यास 1984 मध्ये 'बालचित्रवाणी' ही संस्था निघाली. 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्या असता नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' मुलांच्या घरी पोहोचली. हे उपक्रम मोलाचे खरेच. परंतु मोठ्यांनी आखावे व मुलांनी ऐकावे, अशीच त्यांत बहुतांशी विभागणी होती.

पॉडकास्ट, म्हणजे हवा तेव्हा ऐकता येणारा ध्वनिमुद्रित कार्यक्रम, ही विभागणी मोडू शकतो. त्यास चित्रे व लिखित मजकूर जोडला की बहुमाध्यमी पाठ सिद्ध होतो.

बालाघाट जिल्ह्यातील बिरसा भागात याचे महत्त्व विशेष आहे. येथे गोंड व बैगा समाजांची वस्ती आहे. जिल्ह्यात पोवारी आणि मराठी बोलणारी कुटुंबेही आहेत. घरची बोली एक आणि पुस्तकाची हिंदी दुसरी, अशा स्थितीत बुद्धिमान मूलही वर्गात मुके होते, आणि त्याचे मौन अज्ञान समजले जाते. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे संविधानाचा अनुच्छेद 350-अ सांगतो. 1956 साली केलेली ही तरतूद कागदावर राहून भागणार नाही. ती वर्गात ऐकू आली पाहिजे.

विषय दूर शोधावयास नको. याच तहसिलीत मलाजखंडची तांब्याची खाण आहे. हिंदुस्तान कॉपरचा तो प्रकल्प 1982 साली सुरू झाला. त्यापूर्वी तेथील वाटा, शेते व बाजार कसे होते, हे मुलांनी वडीलधाऱ्यांस विचारावे. काहींनी चित्रे काढावीत, काहींनी निवेदन लिहावे. आजोबांचा शब्द त्यांच्याच बोलीत राहू द्यावा; त्याचा हिंदी अर्थ चित्राखाली द्यावा.

साधन म्हणून एक साधा मोबाईल पुरतो. पत्र्याच्या छपराखाली पाऊस वाजत असताना मुद्रण करू नये. बोलणाऱ्याचे तोंड यंत्रापासून वीतभर अंतरावर असावे. पाच मिनिटांच्या पाठास अनेक तास लागतात. म्हणून एका सत्रात एकच पाठ घ्यावा. पालकांची संमती घ्यावी व मुलांची नावे-पत्ते प्रसृत करू नयेत. जेथे नेटवर्क नाही, तेथे मेमरी कार्डावरून पाठ घरोघर नेता येतो.

मुद्रणानंतरचा तास सर्वांत महत्त्वाचा होय. पाठ वर्गात ऐकवावा आणि 'कोठे समजले नाही?' एवढेच विचारावे. आपलाच आवाज ऐकताना मुलास आपली चूक आपणच उमगते, आणि ती सुधारण्यास मोठ्यांच्या धाकाची गरज उरत नाही.

असे पाठ शाळेने जपून ठेवावेत. आजची वृद्ध मंडळी उद्या नसतील. त्यांचे बोल मात्र त्यांच्या नातवंडांच्या प्रश्नांसह शाळेत राहतील.