परिचारिकेने विभाग बदलावा काय?

(संस्थेच्या पालक मेळाव्यातील भाषण)





आपल्या मुली नर्सिंगला जाऊ लागल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. बारावीनंतर जी.एन.एम. करावे की बी.एस्सी. नर्सिंग, हे विचारायला पालक माझ्याकडे येतात. परंतु लग्न होऊन मुले झाल्यावर त्या नोकरीचे काय करायचे, हे विचारायला कोणी येत नाही. म्हणून आज त्यावर बोलतो.

माझी धाकटी बहीण नऊ वर्षे अतिदक्षता विभागात नर्स आहे. थोरला मुलगा सहा वर्षांचा, मुलगी दोन वर्षांची. हा विभाग सोडून डायलिसिसमध्ये जावे काय, असा प्रश्न तिच्यापुढे आला. सल्ले पुष्कळ मिळाले. कोणी म्हणाले, नोकरीच सोड. कोणी म्हणाले, एवढा अनुभव वाया घालवू नकोस. सल्ला देणाऱ्यांपैकी रात्रपाळी एकानेही केलेली नव्हती!

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा रक्तदाब, श्वास, लघवीचे प्रमाण यांची तासातासाला नोंद ठेवावी लागते. रात्रभर हे करून घरी यायचे, मुलाचा डबा भरायचा आणि मुलगी उठेपर्यंत मिळेल तेवढे झोपायचे. डायलिसिसचे काम निराळे. एका वेळेला साधारण चार तास लागतात, पुष्कळ रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतात, वेळ आधी ठरलेली असते. पण ते काम सोपे समजू नका. यंत्र चालू असताना रक्तदाब एकाएकी उतरतो. शिवाय तेच रुग्ण वर्षानुवर्षे येतात. एखादा यायचा थांबला की घरचे माणूस गेल्यासारखे वाटते. काही ठिकाणी तेथेही रात्रपाळी असतेच. म्हणून मी तिला म्हटले, विभागाच्या नावापेक्षा ड्यूटीचा तक्ता आधी पाहा.

शिक्षणाचाही हिशेब आहे. एका विषयातील पोस्ट बेसिक डिप्लोमा एक वर्षाचा असतो, जी.एन.एम. झालेल्यांना पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला दोन वर्षे लागतात. मूल लहान असताना हे करायचे, तर तेवढा काळ घरातील दुसऱ्या कोणीतरी दिला पाहिजे. कोण देणार, हे फॉर्म भरण्यापूर्वी ठरावे. आपल्याकडे सासूबाईंना न विचारताच धरून चालतात. त्यांचे गुडघे दुखू लागले की सगळे बेत कोसळतात.

२०१७ च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराचे बंधन आले. मात्र ते पाळणाघर रात्री उघडे असते काय, हे ज्याने त्याने विचारून घ्यावे.

बहिणीने राजीनामा दिला नाही की डिप्लोम्याचा फॉर्मही भरला नाही. मेट्रनबाईंना भेटून तीन महिन्यांसाठी डायलिसिसमध्ये बदली मागून घेतली. त्यातले दोन महिने झाले आहेत. मुले खूश आहेत. तिला मात्र जुन्या विभागाची ओढ वाटते. घरी एक बदल झाला. डबा आता मेहुणे भरतात. पोळ्या अजून जाड होतात, पण मुलगा खातो.

तिचा निर्णय व्हायचा आहे. ती आज सभागृहात आली आहे. नर्सिंगला जाऊ इच्छिणाऱ्या मुलींनी चहाच्या वेळी तिला अवश्य भेटावे. सोबत अम्मीच नव्हे, अब्बांनाही न्यावे.