काटा बाजूला ठेवण्यासाठी

बायोफीडबॅक म्हणजे हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताण, तळहाताचा घाम अशा एरवी लक्षात न येणाऱ्या शारीरिक क्रियांची यंत्राने घेतलेली नोंद खेळाडूला त्याच क्षणी दाखवणे आणि ती पाहत त्या क्रियांवर ताबा मिळवण्याचा सराव करवून घेणे होय. जालन्याच्या मोंढ्यात मुरलेला माणूस पोते नुसते उचलून वजन सांगतो, तेव्हा त्यामागे वर्षानुवर्षे आधी अंदाज बांधून मग तो काट्यावर पडताळण्याचा सराव असतो. काटा त्याच्या हाताला शिकवतो, पोत्याचे वजन वाढवत नाही. हे यंत्रही तसाच काटा आहे.

नेमबाजीत याचे महत्त्व सहज दिसते, कारण १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो आणि हृदयाच्या ठोक्यानेही नळी हलते. कसलेल्या नेमबाजाचे ठोके चाप ओढण्याआधी मंदावतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. श्वास घेताना ठोके वाढतात व सोडताना कमी होतात. म्हणून मिनिटाला सुमारे ६ श्वास इतक्या संथ लयीचा सराव करवतात. नेमबाज अभिनव बिंद्रा यांनी हे प्रशिक्षण घेतले होते, परंतु २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत बरोबरीच्या स्थितीत १०.८ गुणांचा अखेरचा नेम साधताना त्यांच्यासमोर आलेखाचा पडदा नव्हता.

यंत्र केवळ शिकण्यापुरते असते, हाच मुद्दा पुन्हा सांगणे भाग आहे, कारण पालक प्रथम यंत्राची किंमत विचारतात आणि मूल रोज सराव करील का, हे विचारायचे राहून जाते. खेळाडूने आधी स्वतःचा ताण ओळखावा, मग आकडा पाहावा. आधी आकडा पाहणारा हमाल आयुष्यभर काट्यापाशीच उभा राहील. नाशिकचे दिवंगत क्रीडा मानसतज्ज्ञ भीष्मराज बाम यांनी योग आणि श्वास यांच्या आधारे नेमबाज अंजली भागवत यांच्यासारख्या खेळाडूंची मानसिक तयारी करून घेतली, हे यंत्राची वाट पाहत बसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजण्यास खर्च येत नाही.

नेमबाजीपेक्षा कबड्डीचा प्रश्न मात्र वेगळा आहे, कारण ३० सेकंदांच्या चढाईत शब्दोच्चार अखंड ठेवावा लागत असल्याने संथ श्वासाला तेथे वावच नसतो. तो सराव चढाईहून परतल्यानंतरच्या थोड्या अवधीसाठी बसवावा लागेल, परंतु त्याच्या तपशिलासाठी आता वेळ उरलेला नाही.