हातातोंडाशीं आलेला घांस

पराभव हा खेळाचा सोबती आहे. दोन संघ मैदानांत उतरले म्हणजे त्यांपैकीं एकानें मान खालीं घालून परतावयाचें, हें बहुधा ठरलेलेंच असतें. असें असूनहि सर्व पराभव माणसाला सारखे लागत नाहींत. बलाढ्य प्रतिपक्षानें पांच-सहा गोलांनीं चीत केलें, तर खेळाडू घरीं जाऊन जेवावयास बसतो व दोन दिवसांनीं तो सामना विसरूनहि जातो. परंतु घांस ओठांपर्यंत आला असतां कोणीं ताट ओढून न्यावें, तसा जो पराभव शेवटच्या घटकेला पदरीं पडतो, तो वर्षानुवर्षें जिव्हारीं सलत राहतो. अशाच कांहीं पराभवांचा, आणि ते ज्यांनीं सोसले त्या माणसांचा, हा विचार आहे.

सावंतवाडीहून बांद्याकडे जाणारी वाट इन्सुलीचा घाट उतरते आणि थोड्याच वेळांत पत्रादेवीच्या नाक्यापाशीं गोव्याच्या हद्दींत शिरते. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ही हद्द दोन सत्तांमधली होती. आतां ती शेजारच्या दोन राज्यांमधली आहे. पण बोली, सोयरीक आणि देवधर्म यांना तिनें कधींच फारसें अडविलें नाहीं. हद्दीच्या अलीकडे मुलांचें मन क्रिकेटकडे अधिक ओढ घेतें, पलीकडे फुटबॉलकडे. तरीहि इन्सुली-बांद्याकडून गोव्यांत कामधंद्यास जाणाऱ्यांचा राबता लक्षांत घेतला, तर तेथील मैदानांवरची हारजीत येथील ओट्यांवर चर्चिली जावी यांत नवल कांहींच नाहीं.

गोव्यांत हा खेळ आला तो शाळेच्या दारानें. १८८३ सालीं विल्यम रॉबर्ट लायन्स नांवाच्या धर्मगुरूनें शिवोली येथें विद्यार्थ्यांना तो प्रथम शिकविला, असें सांगतात. शिक्षणाचें एक अंग म्हणून आलेला हा चेंडू पाहतां पाहतां शाळेचें आवार ओलांडून चर्चपुढच्या पटांगणांत व भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत पोहोंचला. पुढें साळगांवकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स, वास्को अशा संघांनीं गोव्याचें नांव देशभर नेलें. जेथें प्रेम एवढें जुनें, तेथें दुःखहि तितकेंच खोल असावयाचें.

भारतीय फुटबॉलला या दुःखाची ओळख स्वातंत्र्याच्या पहिल्याच वर्षीं झाली. ३१ जुलै १९४८ रोजीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें आपला संघ फ्रान्सपुढें उभा राहिला, तेव्हां बहुतेक खेळाडू अनवाणी होते. त्यांनीं बूट घातलेल्या प्रतिस्पर्ध्यांना बरोबरीचें उत्तर दिलें. पण दोन पेनल्टी वायां गेल्या, आणि सामना संपावयास आला असतां फ्रान्सनें दुसरा गोल करून २-१ असा विजय मिळविला. आठ वर्षांनीं मेलबर्न येथें गोमंतकीय वंशाच्या नेव्हिल डिसोझानें ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढविले व भारत उपांत्य फेरींत गेला. ऑलिंपिकमध्यें तेथवर पोहोंचलेला आशियांतला तो पहिला संघ. युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलहि नेव्हिलनेंच केला. मात्र त्यानंतर चार गोल उलट झाले, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यांत बल्गेरियानें ३-० नें हरविल्यानें पदकहि हुकलें. १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर भारतीय फुटबॉल संघ त्या मांडवाखालीं पुन्हां गेलेलाच नाहीं, म्हणून मेलबर्नची हुरहुर अजून ओसरत नाहीं.

क्रिकेटच्या भक्तांना याच जातीचें एक दुःख ठाऊक आहे. मे १९९१ मध्यें वानखेडे मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना मुंबई व हरियाणा यांच्यांत झाला. मुंबईला शेवटच्या डावांत ३५५ धावा हव्या होत्या आणि ३४ धावांत तीन गडी बाद झाले होते. सचिन तेंडुलकरनें ७५ चेंडूंत ९६ धावा काढून आशा जागविली. मग राजापूरच्या मातींत जन्मलेल्या दिलीप वेंगसरकरनें ती शेवटपर्यंत तेवत ठेवली. दहाव्या गड्यासाठीं त्यानें व ॲबी कुरुविलानें ४७ धावा जोडल्या. विजय तीन धावांवर आला आणि कुरुविला धावबाद झाला. वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिला, मुंबई दोन धावांनीं हरली, आणि ज्या गड्याला हरियाणाचा कोणीहि गोलंदाज बाद करूं शकला नाहीं, त्याच्या डोळ्यांना मैदानावरच धारा लागल्या. त्या पराभवांत एवढें तरी समाधान होतें, कीं रडणाऱ्याच्या हातून चूक झाली नव्हती. ज्याच्या स्वतःच्या हातूनच घांस निसटतो, त्याचें दुःख याहून निराळें असतें.

तें दुःख २० डिसेंबर २०१५ रोजीं मडगांवच्या फातोर्डा मैदानानें पाहिलें. गोवामुक्तीचा दिवस कालच साजरा झाला होता. इंडियन सुपर लीगच्या साखळी सामन्यांत एफ. सी. गोवा हा संघ अग्रस्थानीं राहिला होता, आणि अंतिम सामना घरच्याच मैदानावर होता. समोर चेन्नईचा संघ होता. त्या संघाच्या शहराला नुकताच महापुरानें वेढा दिला होता. उपांत्य फेरींतला घरचा सामनाहि त्यांना पुण्यास येऊन खेळावा लागला होता. दोन्ही बाजूंना जिंकण्याची तळमळ होती, आणि दोन्ही बाजूंची तळमळ रास्त होती.

गोव्याच्या गोलांत गोव्याचाच लक्ष्मीकांत कट्टीमणी उभा होता. ५४ व्या मिनिटाला चेन्नईला पेनल्टी मिळाली. कट्टीमणीनें ब्रुनो पेलिसारीचा फटका अडविला, पण परत आलेला चेंडू पेलिसारीनेंच जाळ्यांत लोटला. चारच मिनिटांनीं थोंगखोसिएम हाओकिपनें बरोबरी साधली. चेन्नईला पुन्हां पेनल्टी मिळाली. या खेपेस फटका मेंडोझाचा होता, आणि कट्टीमणीनें तोहि अडविला. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेनें गोव्याचा दुसरा गोल केला. नियत वेळेचीं तीनच मिनिटें उरलीं होतीं. आतां करंडक गोव्याचाच, असें मानून फातोर्डा नाचूं लागलें.

९० व्या मिनिटाला गोलापुढें झालेल्या गर्दींत कट्टीमणीच्याच हातांना लागून चेंडू त्याच्या जाळ्यांत गेला. बरोबरी झाली. अजून जादा वेळ होता, अजून सर्व सांवरतां आलें असतें. पण मनानें खचलेल्या संघाला सांवरावयासहि क्षणभर उसंत लागते, ती मिळाली नाहीं. दोनच मिनिटांत मेंडोझानें तिसरा गोल केला आणि सामना ३-२ असा चेन्नईनें जिंकला. दोन पेनल्टी अडविणारा वीर त्याच संध्याकाळीं, त्याच मैदानावर, पराभवाचा धनी ठरला. निकालानंतर जे वाद माजले व चौकशीपर्यंत गेले, ते खेळाला शोभणारे नव्हते. त्यांची उजळणी करण्यांत अर्थ नाहीं. लोकांच्या ध्यानांत राहिला तो गोलरक्षक.

गोलरक्षकाचें काम मोठें विलक्षण आहे. पुढच्या फळींतल्या खेळाडूनें दहा संधी दवडल्या व अकराव्या वेळीं गोल केला, तर त्याला खांद्यावर घेतात. गोलरक्षकानें दहा फटके अडविले व अकरावा सोडला, तर त्या दहांची कोणीं नोंद ठेवीत नाहीं. त्याची चूक झांकावयास त्याच्या पाठीमागें कोणी उभा नसतो. मागें असतें तें केवळ जाळें.

त्या दिवशीं गोव्याच्या बाकावर असा एक माणूस बसला होता, कीं ज्याला या वेदनेची ओळख साऱ्या जगापेक्षां अधिक होती. गोव्याचा प्रशिक्षक होता ब्राझिलचा झिको. ५ जुलै १९८२ रोजीं बार्सिलोना शहरीं विश्वचषकाच्या सामन्यांत झिको, सॉक्रेटिस, फाल्काव यांचा ब्राझिल संघ इटलीशीं खेळला. नुसती बरोबरीहि त्यांना उपांत्य फेरींत नेण्यास पुरेशी होती. दोन वेळां मागें पडून दोन्ही वेळां त्यांनीं बरोबरी साधली. पण पाओलो रॉसीनें तिसरा गोल केला आणि ब्राझिल ३-२ नें हरला. चार वर्षांनीं मेक्सिकोंत फ्रान्सविरुद्ध सामना बरोबरींत असतां पेनल्टी झिकोकडे आली, ती अडविली गेली, आणि शेवटीं टायब्रेकरमध्यें ब्राझिल बाहेर पडला. त्या टायब्रेकरमध्यें झिकोनें आपला फटका अचूक मारला होता. पण लोकांनीं लक्षांत ठेवला तो हुकलेलाच. फातोर्ड्याला चेन्नईच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून उभा होता इटलीचा मार्को माटेराझी, आणि गोलफलकावर आंकडे होते तेच, ३-२. योगायोगाला दया नसते.

त्यानंतरचीं कांहीं वर्षें गोव्याच्या कपाळीं जणूं शेवटचींच मिनिटें लिहिलीं होतीं. २६ मार्च २०१७ रोजीं बांबोळीच्या मैदानावर संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यांत गोवा व बंगाल यांचे गोलफलक कोरे राहिले. जादा वेळहि सरत आला. आणि ११९ व्या मिनिटाला मनवीर सिंगनें गोल करून करंडक बंगालला नेला. १७ मार्च २०१९ रोजीं मुंबईच्या अंधेरी येथील मैदानावर एफ. सी. गोवा पुन्हां अंतिम सामन्यांत उतरला. समोर बेंगळूर होतें, आणि त्या संघालाहि बरोबर एक वर्षापूर्वीं, त्याच तारखेस, घरच्या प्रेक्षकांपुढें चेन्नईनें ३-२ नेंच हरविलें होतें. जादा वेळेंत गोव्याचा एक खेळाडू बाहेर गेला. उरलेल्या दहांनीं किल्ला लढविला. पण ११७ व्या मिनिटाला आलेल्या कॉर्नरवर राहुल भेकेनें डोक्यानें चेंडू जाळ्यांत धाडला. भेके हा मुंबईचाच पोर. गोव्याचें स्वप्न मोडलें तें शेजाऱ्याच्या हातून.

या दुःखाची मर्यादा कोणती, हें मात्र विसरतां कामा नये. ५ डिसेंबर २००४ रोजीं बेंगळूर येथें फेडरेशन करंडकाच्या अंतिम सामन्यांत धेंपोनें मोहन बागानला २-० असें हरविलें. दोन्ही गोल क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझिलच्या तरुणानें केले. दुसरा गोल करतांना प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाशीं त्याची टक्कर झाली, तो कोसळला आणि त्याचा प्राण गेला. विजेत्यांच्या हातीं करंडक होता, पण तो उंचावण्याचें बळ कोणाच्या बाहूंत असणार? त्या संध्याकाळीं जिंकलेल्यांनीं आनंदानें पराभव पत्करून आपला सोबती परत मागितला असता. हरलेला खेळाडू घरीं परततो व उद्यां पुन्हां मैदानावर येऊं शकतो, ही साधी गोष्ट केवढी मोलाची आहे, तें अशा वेळीं कळतें.

आणि हें उद्यां कधीं कधीं खरोखरच उगवतें. अंधेरीच्या पराभवास महिना लोटतो न लोटतो तोंच, १३ एप्रिल २०१९ रोजीं, भुवनेश्वर येथें गोव्यानें चेन्नईला २-१ नें हरवून सुपर कप जिंकला. कट्टीमणीचें उद्यां उगवावयास मात्र अधिक वेळ लागला. पुढें तो गोवा सोडून हैदराबादच्या संघांत गेला. २० मार्च २०२२ रोजीं तो संघ इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यांत पोहोंचला. मैदान होतें फातोर्डा! सहा वर्षें व तीन महिने झाले होते. तेंच गवत, तेच खांब, तेंच जाळें. केरळनें ६८ व्या मिनिटाला आघाडी घेतली. ८८ व्या मिनिटाला गोव्याच्याच साहिल तावोरानें हैदराबादसाठीं बरोबरी साधली; पूर्वीं ज्या घटकांनीं घात केला होता, त्याच या वेळीं पावल्या. जादा वेळेंतहि निकाल लागला नाहीं व पेनल्टीच्या फटक्यांची पाळी आली. कट्टीमणीनें केरळच्या तीन खेळाडूंचे फटके अडविले. हैदराबादनें ३-१ नें करंडक जिंकला.

त्या रात्रीं केरळच्या पाठिराख्यांनीं तिसऱ्यांदा अंतिम सामन्यांतला पराभव पाहिला. २०१४ व २०१६ सालींहि त्यांच्या वाट्याला हेंच आलें होतें. एकाच्या जखमेवर फुंकर पडली, ती दुसऱ्याला जखम करूनच. खेळाचा हा हिशेब असाच राहणार. त्यांत सर्वांची बाकी एकाच दिवशीं फिटत नाहीं.

मग अशा पराभवांतून शिकावयाचें काय? हार मानूं नये, हें तर शाळेच्या भिंतीवरहि लिहिलेलें असतें. त्याहून कठीण धडा प्रेक्षकांसाठीं आहे. २०१५ च्या त्या संध्याकाळीं कट्टीमणीच्या नांवानें बोटें मोडून जो घरीं गेला, त्याला दोन अडविलेल्या पेनल्टी आठवल्या असत्या, तर त्याचा राग थोडा निवला असता. माणसाला त्याच्या शेवटच्या चुकीवरून तोलूं नये. त्याच्या साऱ्या खेळावरून तोलावें. संध्याकाळीं इन्सुलीच्या एखाद्या सड्यावर वा कापलेल्या मळ्यांत पोरें चेंडू खेळतात, तेव्हां दोन दगडांमध्यें कोणीतरी एक पोर गोल राखावयास उभें राहतेंच, आणि कधींतरी त्याच्या हातून चेंडू निसटतोच. त्या वेळीं त्याचे सोबती त्याला काय म्हणतात, यावर तें पोर दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्या दगडांमध्यें उभें राहणार कीं नाहीं, हें ठरत असतें.