आकाशातले काही विक्षिप्त शेजारी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचे शब्दांकन)



सोसायटीला पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याबद्दल सर्वप्रथम आपणा सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन! सांस्कृतिक समितीने मला ‘अवकाश दुर्बिणींतून दिसणारे तारे’ हा विषय दिला आहे. मी शास्त्रज्ञ नाही, नुसता हौशी आकाशनिरीक्षक आहे. त्यामुळे गणिताची भीती बाळगू नका.

प्रत्येक सोसायटीत एखादा तरी जगावेगळा सभासद असतो. (लगेच कुणाकडे बघू नका!) आकाशातही तसंच आहे. बहुतेक तारे शांतपणे, एका लयीत तळपत राहतात. पण काही तारे विक्षिप्त असतात. कुणी मधूनच दिसेनासा होतो, कुणी शेपूट काढून पळतो, कुणी ठरावीक वर्षांनी धुराचे लोट सोडतो. आज अशा तिघांची ओळख करून देतो.

त्याआधी एक शंका. दुर्बिणी अवकाशात न्यायच्या कशाला? आपलं वातावरण आपल्याला जगवतं, पण ताऱ्यांकडून येणारा बराचसा प्रकाश अडवतं. ओझोनचा थर अतिनील किरण रोखतो, हवेतली वाफ अवरक्त किरण शोषून घेते. उरलेला प्रकाश हवेच्या हालचालीमुळे थरथरतो. तारा लुकलुकतो तो आपल्या हवेमुळे. म्हणून हबल दुर्बीण १९९० मध्ये वातावरणाच्या वर नेली. २५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेली जेम्स वेब दुर्बीण तर पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. टेनिस कोर्टाएवढी पाच पदरी छत्री धरून ती सावलीत उभी असते. तिचा साडेसहा मीटरचा आरसा उणे २२० अंशांपेक्षाही थंड असतो. तिला उष्णतेचे, म्हणजे अवरक्त किरण टिपायचे आहेत. ती स्वतःच गरम असेल तर कसं चालेल?

आता पहिला शेजारी, मिरा. आपल्या संत मीराबाईंशी या नावाचा संबंध नाही. लॅटिनमध्ये मिरा म्हणजे अद्भुत. हा तारा तिमिंगल तारकासमूहात आहे. १५९६ मध्ये डेव्हिड फॅब्रिशियस नावाच्या धर्मोपदेशकाला तो दिसला आणि काही आठवड्यांनी दिसेनासा झाला. त्याला वाटलं, संपला. पण १६०९ मध्ये तोच तारा त्याला पुन्हा दिसला! त्या १५९६ साली दुर्बिणीचा शोधही लागला नव्हता, हे सगळं नुसत्या डोळ्यांनी चाललं होतं. पुढे कळलं की मिरा साधारण ११ महिन्यांच्या फेऱ्यात फुगतो, आकसतो, उजळतो आणि मंदावतो. वर्षातले बरेच महिने तो नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही.

चारशे वर्षं लोक त्याच्याकडे बघत होते. तरी त्याचं मोठं गुपित २००७ मध्ये उघड झालं. नासाच्या गॅलेक्स दुर्बिणीचा आरसा जेमतेम अर्ध्या मीटरचा, पण ती अतिनील प्रकाशात बघत होती. तिला मिराच्या मागे धूमकेतूसारखं शेपूट दिसलं. लांबी १३ प्रकाशवर्षे! सूर्यापासून सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, त्याच्या तिप्पट. मिरा सेकंदाला १३० किलोमीटर वेगाने धावतो, म्हणजे मुंबई-पुणे सव्वा सेकंदात. धावताना तो स्वतःचे थर सोडत जातो. शेपटाच्या टोकाला असलेला वायू ३० हजार वर्षांपूर्वी सोडलेला आहे. एवढ्या काळात त्याने सोडलेल्या द्रव्यातून पृथ्वीएवढे किमान तीन हजार ग्रह घडू शकतील, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

मिरा आपल्यापासून ३०० ते ३५० प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे आज दिसणारा त्याचा प्रकाश शिवछत्रपती आणि थोरले बाजीराव यांच्या दरम्यान कधीतरी निघालेला आहे. आणखी एक गोष्ट. सुमारे पाच अब्ज वर्षांनी आपला सूर्यही असाच फुगून आपले थर सोडू लागेल. (घाबरू नका, पुनर्विकास त्याआधी नक्की होईल!)

दुसऱ्या शेजाऱ्याला तुम्ही ओळखता. मृग नक्षत्रातला तांबूस तारा, काक्षी. आर्द्रा नक्षत्र म्हणतात ते हेच. त्याला सूर्याच्या जागी ठेवला तर तो मंगळाची कक्षासुद्धा गिळून टाकेल. २०१९ च्या अखेरीस हा तारा मंदावू लागला. फेब्रुवारी २०२० पर्यंत त्याचं तेज निम्म्याहूनही कमी झालं. हे पाहायला दुर्बीण लागत नव्हती. रोज मृगाकडे बघणाऱ्या कुणालाही फरक कळत होता. ‘आता याचा स्फोट होणार’ अशा बातम्या आल्या. तसं काही झालं नाही. हबलच्या निरीक्षणांतून उलगडा झाला तो असा: काक्षीने आपल्या पृष्ठभागाचा एक लचका बाहेर फेकला होता. आपल्या चंद्राच्या कित्येक पट वस्तुमानाचा हा लचका दूर जाऊन थंड झाला, त्याची धूळ बनली आणि त्या धुळीच्या पडद्याआड तारा काही काळ झाकला गेला.

तिसरा शेजारी हंस तारकासमूहात, पाच हजार प्रकाशवर्षांहून दूर आहे. त्याचं नाव डब्ल्यूआर १४०. खरं तर हे दोन तारे आहेत आणि साधारण आठ वर्षांनी एकदा ते एकमेकांच्या अगदी जवळ येतात. दोघांकडून सुटणारे प्रचंड वेगाचे वारे एकमेकांवर आदळतात आणि कार्बनची धूळ तयार होते. जेम्स वेबने २०२२ मध्ये त्यांचा फोटो घेतला. त्यात एकाबाहेर एक अशी किमान सतरा वलयं दिसली. पासबुकात नोंद पडावी तशी दर आठ वर्षांची एकेक नोंद! सव्वाशेहून जास्त वर्षांचा हिशेब एका फोटोत.

आता या धुळीचं काय मोल? विश्वाच्या सुरुवातीला जवळजवळ सगळा हायड्रोजन आणि हेलियमच होता. कार्बन, ऑक्सिजन, लोखंड हे सगळं पुढे ताऱ्यांनी बनवलं आणि असंच उधळून टाकलं. आपल्या स्वयंपाकघरातला तवा, अंगातलं रक्त आणि मुलांच्या हातातली पेन्सिल यांचा कच्चा माल तिथूनच आलेला आहे. विक्षिप्त दिसणारा तारा बहुधा आपली कमाई वाटून टाकत असतो.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या चित्रांतले रंग खरे असतात का, असं मला नेहमी विचारतात. अवरक्त आणि अतिनील किरण आपल्या डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ त्यांना दिसणारे रंग नेमून देतात. नकाशात जिल्ह्यांना रंग देतात ना, तसंच. रंग नेमलेले असतात, आकार मात्र खरे.

आणि हे सगळं परदेशातच चालतं असं नाही. इस्रोने २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेली ॲस्ट्रोसॅट ही भारताची अवकाश वेधशाळा अतिनील आणि क्ष-किरणांत निरीक्षणं करण्यासाठी बनवली गेली. तिच्या उपकरणांत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका यांचा मोठा वाटा आहे.

शेवटी एक विनंती. मिरा विक्षिप्त आहे हे कुठल्याही दुर्बिणीने आधी सांगितलं नाही. कुणीतरी रोज आकाशाकडे बघत होतं म्हणून ते कळलं. उत्तरं अवकाशातल्या दुर्बिणींनी दिली, पण प्रश्न खालून, साध्या डोळ्यांनी विचारला गेला. आज आपल्या गच्चीवरून मृगाचे मोजके तारे दिसतात आणि मिरा तर उजळला तरी शोधावा लागतो. कारण टाकीवरचा फ्लडलाइट वर आकाशाकडेच तोंड करून असतो. सुरक्षेचा मुद्दा मला मान्य आहे. जिन्यातले, पार्किंगमधले, फाटकावरचे दिवे राहू देत. फक्त त्या फ्लडलाइटचं तोंड खाली करावं आणि हिवाळ्यातल्या अमावास्यांना तो रात्री एक तास बंद ठेवावा. कमिटीने हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत घ्यावा, मी अनुमोदक व्हायला तयार आहे. वीजबिलही वाचेल!

समोर बसलेली ही मुलं सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाला मोठी झालेली असतील. त्यांच्यातल्या एखाद्याला ‘हा तारा काल वेगळा दिसत होता’ असं म्हणता यायला हवं. त्यासाठी आधी तारा दिसायला हवा.